सेटिंग कुणाची, माणसाची की यंत्राची?

वाचकांचे प्रश्न, तंत्र-विभागाची उत्तरं

या महिन्यात आलेली बरीच पत्रं एकाच विषयावरची आहेत. ॲपच्या सेटिंग्ज सर्व्हरवर ठेवायच्या, म्हणजे फोन, दुकानातला कॉम्प्युटर आणि घरचा लॅपटॉप या सगळ्यांवर त्याच मिळतील. यालाच सिंक म्हणतात. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिलं आहे, कारण त्यातली चूक बाकीच्या पत्रांतही कुठे ना कुठे डोकावते.

प्रश्न : मशीद बंदरच्या मसाल्याच्या घाऊक दुकानांसाठी मी बिलिंगचं ॲप बनवलं आहे. ते काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर आणि मालकाच्या फोनवर चालतं. सगळ्या सेटिंग्ज एका जेसन फाइलमध्ये (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांच्या मजकूर-फाइलमध्ये) आहेत. काही बदललं की ती फाइल सर्व्हरवर चढते आणि दुसऱ्या ठिकाणी उतरते. दोन तक्रारी सतत येतात : केलेले बदल आपोआप पुसले जातात, आणि फोनवरून छापलेलं बिल वेडंवाकडं येतं. — डोंबिवली

उत्तर : दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. तुम्ही आख्खी फाइल उचलून पाठवता.

आधी बिलाचं पाहू. काउंटरवर ८० मिमी रोलचा थर्मल प्रिंटर असणार आणि फोनला जोडलेला ब्लूटूथ प्रिंटर ५८ मिमीचा. नेहमीच्या आकारातली इंग्रजी अक्षरं ८० मिमीवर एका ओळीत ४८ बसतात, ५८ मिमीवर ३२. काउंटरवरची ‘ओळीत ४८’ ही सेटिंग फोनवर उतरली की प्रत्येक ओळीची शेवटची १६ अक्षरं खाली घसरतात. रक्कम उजव्या टोकाला असते, त्यामुळे नेमकी तीच खालच्या ओळीवर पडते. मराठी बिल चित्र म्हणून छापत असाल तर ५७६ ठिपके रुंदीचं चित्र ३८४ ठिपक्यांच्या प्रिंटरकडे जातं आणि बहुतेकदा उजवीकडचा एक तृतीयांश भाग कापलाच जातो. रोलची रुंदी ही त्या यंत्राची गोष्ट आहे. मालकाच्या खात्याशी तिचा संबंध नाही.

म्हणून सर्व्हरचा विचार करण्याआधी एक कागद घ्या आणि प्रत्येक सेटिंगपुढे ती कुणाची ते लिहा. तुमच्या ॲपमध्ये चार वाटे पडतील. जीएसटी क्रमांक, बिलाचं शीर्षक, उधारीची मुदत या दुकानाच्या. भाषा, अक्षराचा आकार, गडद की उजळ पडदा या माणसाच्या. प्रिंटर, रोलची रुंदी, फाइल ठेवायचा फोल्डर, खिडकीचा आकार या यंत्राच्या. पासवर्ड आणि टोकन (यंत्राची ओळख पटवणारा गुप्त संकेत) ही गुपितं. त्यांच्याबद्दल शेवटच्या उत्तरात लिहिलं आहे. हा वाटा सेटिंगच्या नावातच घाला : ‘दुकान.मुदत’, ‘माणूस.अक्षर’, ‘यंत्र.रोल’. मग सर्व्हरला पाठवणाऱ्या कोडमध्ये ‘यंत्र’ने सुरू होणारं काहीही बाहेर जाऊ द्यायचं नाही, एवढी एक अट पुरते.

हा कागद भरताना ‘पुढचा बिल क्रमांक’ सेटिंग्जमध्ये सापडला तर तो तिथून ताबडतोब काढा. ती सेटिंग नव्हे, तो चालता आकडा आहे. दोन यंत्रांनी एकाच वेळी तो उचलला तर एकाच क्रमांकाची दोन बिलं निघतात. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा क्रमांक सलग, आर्थिक वर्षात एकमेव आणि जास्तीत जास्त १६ अक्षरांचा हवा. पण एकापेक्षा जास्त मालिका चालतात. तेव्हा काउंटरची मालिका वेगळी आणि फोनची वेगळी ठेवा. मग नेटवर्क असो वा नसो, क्रमांकांची टक्कर होत नाही.

आता पुसल्या जाणाऱ्या बदलांकडे वळू. समजा सर्व्हरवर सेटिंग्जची ४१ क्रमांकाची आवृत्ती आहे. मालक सकाळच्या जलद लोकलमध्ये आहेत. वाटेत नेटवर्क गेलं आणि तेवढ्यात त्यांनी फोनवर अक्षराचा आकार १४ वरून १८ केला. इकडे काउंटरवर मुनीमजींनी उधारीची मुदत १५ दिवसांवरून ३० केली. ती फाइल चढली आणि सर्व्हरवर ४२ आली. ठाण्याच्या अलीकडे फोनला नेटवर्क मिळालं, त्याने आपली फाइल पाठवली. तिच्यात अक्षर १८ आहे, पण मुदत अजून १५ आहे, कारण फोनला ४२ माहीतच नाही. ती ४२ वर जाऊन बसली. मुनीमजींचा बदल गेला, आणि कुठेही चूक नोंदली गेली नाही.

उपाय असा. प्रत्येक यंत्रावर दोन प्रती ठेवा : एक चालू, दुसरी सर्व्हरकडून शेवटची आलेली. हिला मूळ प्रत म्हणू. पाठवताना या दोन्हींत जो फरक असेल तेवढाच पाठवा, आणि ‘मी ४१ वर काम केलं आहे’ हेही सांगा. यासाठी एचटीटीपीमध्ये (ॲप आणि सर्व्हर यांच्या बोलण्याच्या नियमांत) सोय आहेच : सर्व्हरने उत्तराबरोबर ईटॅग, म्हणजे त्या आवृत्तीची खूण द्यायची, ॲपने लिहिताना तीच इफ-मॅच या हेडरमध्ये (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीत) परत पाठवायची. सर्व्हरवर ४२ असेल तर त्याने ४१२ (‘अट जुळली नाही’ याचा ठरलेला संकेत-क्रमांक) हे उत्तर द्यावं आणि काहीही लिहू नये. हेडरच आला नाही तर ४२८ (‘अट सांगा’) द्यावं, म्हणजे जुनं ॲप बिनदिक्कत लिहून जाणार नाही.

४१२ मिळालं की फोनने ४२ उतरवायची आणि प्रत्येक सेटिंगसाठी तीन किमती (म्हणजे मूल्यं) शेजारी मांडायच्या : मूळ, माझी, सर्व्हरची. अक्षर मी बदललं, सर्व्हरवर मूळच आहे, म्हणून माझं राहील. मुदत सर्व्हरवर बदलली, माझ्याकडे मूळच आहे, म्हणून सर्व्हरची राहील. मग आपला बदल ४२ च्या आधाराने पुन्हा पाठवायचा. सर्व्हरवर ४३ तयार होते आणि दोघांचंही काम टिकतं. तीच सेटिंग दोन्हीकडे बदलली असेल तरच खरा पेच. माणसाच्या सेटिंगला सर्व्हरकडे नंतर पोचलेली किंमत ठेवली तर फार बिघडत नाही. दुकानाच्या सेटिंगला, विशेषतः कर आणि मुदत यांना, मालकाला दोन्ही किमती दाखवून विचारा. तिथे ॲपने परस्पर निर्णय घेऊ नये असं आमचं ठाम मत आहे.

सर्व्हरच्या बाजूला एक खाच आहे. आधी आवृत्ती वाचायची, मग तपासायची, मग लिहायची असं तीन टप्प्यांत केलंत तर मधल्या क्षणात दुसरं यंत्र घुसतं. डेटाबेसला एकाच आज्ञेत सांगा की आवृत्ती ४१ असेल तरच हे लिही आणि ४२ कर. बदललेल्या ओळी शून्य आल्या तर ४१२ द्या.

एवढं झाल्यावरही चार ठिकाणी घात होतो. पहिलं ठिकाण नवं यंत्र. ॲप टाकलं, त्यात सगळं कोरं, आणि त्याने कोऱ्या सेटिंग्ज सर्व्हरवर चढवल्या तर सगळ्या यंत्रांवरचं पुसलं जातं. लॉगिननंतर पहिलं उतरवणं यशस्वी होईपर्यंत पाठवण्याचं दार बंदच ठेवा. दुसरं, माणसाने हात न लावलेल्या सेटिंगची ॲपसोबत येणारी (डिफॉल्ट) किंमत साठवू नका. ती कोडमध्येच राहू द्या. साठवलीत तर ॲपच्या पुढच्या आवृत्तीत तुम्ही सुधारलेली किंमत कुणाला मिळतच नाही. तिसरं, सेटिंग काढून टाकली तर ‘काढली’ अशी खूण ठेवावी लागते, नाहीतर दुसरं यंत्र तिला नवी समजून परत चढवतं. या खुणा तीन महिने ठेवा. त्याहून जास्त काळ बंद असलेल्या यंत्राला सगळं नव्याने उतरवायला लावा. चौथं, फोनवर ॲपची जुनी आवृत्ती असेल तर तिला अनोळखी सेटिंग्ज दिसतील. त्या तशाच जपून ठेवायच्या, टाकून द्यायच्या नाहीत.

ॲप उघडताना सर्व्हरची वाट पाहू नका. यंत्रावरच्या प्रतीवर लगेच चालू व्हा, सर्व्हरचं मागून येऊ द्या. पाठवतानाही शेवटच्या बदलानंतर दोन सेकंद थांबून एकदाच पाठवा, आणि ॲप मागे गेलं की उरलेलं लगेच रवाना करा.

प्रश्न : प्रत्येक बदलाबरोबर मी यंत्राची वेळ साठवतो, नंतरची वेळ असेल तो बदल ठेवतो. पण एका टॅबलेटवरचे बदल कायम टिकतात आणि बाकीच्यांचे जातात. — कांदिवली

उत्तर : त्या टॅबलेटचं घड्याळ पुढे आहे. दहा मिनिटं पुढे असेल तर दुपारी ३ ला केलेल्या बदलावर ३.१० ची मोहोर बसते, आणि खऱ्या ३.१० पर्यंत त्या सेटिंगवर दुसरं कुणी काही केलं तरी ते जुनं ठरतं. फरक नेमका साडेपाच तासांचा दिसला तर मात्र घड्याळाला दोष देऊ नका. कुठेतरी एक कोड भारतीय वेळ लिहितो आहे आणि दुसरा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. उपाय वर दिला आहेच : क्रम सर्व्हरच्या चढत्या आवृत्ती-क्रमांकावरून ठरवा. वेळ फक्त माणसाला दाखवण्यापुरती, आणि तीही सर्व्हरची.

प्रश्न : मराठी शब्द जपून ठेवणारं क्रोमचं एक्स्टेन्शन केलं आहे. यादी स्टोरेज-सिंकमध्ये (खात्याबरोबर सगळ्या कॉम्प्युटरवर जाणाऱ्या क्रोमच्या साठ्यात) ठेवतो. शंभर केबींची मर्यादा वाचली होती, पण माझी यादी तीन हजार अक्षरांचीसुद्धा नाही तोच चूक येते. शिवाय घरच्या आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर यादी वेगवेगळी दिसते. — विलेपार्ले

उत्तर : एकूण मर्यादा १,०२,४०० बाइटची आहे, पण एका नोंदीला फक्त ८,१९२ बाइट मिळतात, आणि नोंदी जास्तीत जास्त ५१२. तुम्ही आख्खी यादी एकाच नोंदीत घातली आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार ही वेगळी चिन्हं धरली जातात. ‘मुंबई’ डोळ्याला तीन अक्षरं दिसतात. कॉम्प्युटरसाठी ती म, उकार, अनुस्वार, ब, ई अशी पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. या हिशेबाने एका नोंदीत साधारण २,७०० चिन्हंच मावतात. शब्दाच्या आद्याक्षराप्रमाणे यादीचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला वेगळी नोंद द्या. एका तुकड्यातला बदल दुसऱ्याला धक्का लावणार नाही, हा वरचा फायदा.

लिहिण्यालाही मर्यादा आहे : मिनिटाला १२० वेळा, तासाला १,८००. अक्षराचा आकार बदलायची सरकपट्टी असेल आणि ती सरकताना दर पावलाला तुम्ही साठवत असाल तर मिनिटाची मर्यादा काही सेकंदांत संपते. बोट उचलल्यावर एकदाच साठवा.

दोन कॉम्प्युटरवर वेगळी यादी दिसण्याची कारणं दोन संभवतात. एखाद्या ठिकाणी क्रोमचं सिंक बंद असेल तर स्टोरेज-सिंक गुपचूप स्थानिक साठ्यासारखं वागतं, चूक दाखवत नाही. दुसरं, स्टोअरवर न टाकता फोल्डरमधून एक्स्टेन्शन चढवलं असेल तर त्याची ओळख फोल्डरच्या मार्गावरून ठरते. दोन कॉम्प्युटरवर मार्ग वेगळे, म्हणून ओळख वेगळी, म्हणून साठाही वेगळा. मॅनिफेस्टमध्ये (एक्स्टेन्शनच्या माहिती-फाइलमध्ये) ‘की’ हा रकाना भरला की ओळख एकच राहते.

प्रश्न : नवा अँड्रॉइड फोन घेतला. जुन्यावरच्या काही ॲपच्या सेटिंग्ज आल्या, काहींच्या आल्या नाहीत. आता दोन्ही फोन वापरतो, तर एकावरचा बदल दुसऱ्यावर जात नाही. — गोरेगाव

उत्तर : तुम्हाला मिळालं ते बॅकअप, हवं आहे ते सिंक. अँड्रॉइड ६ पासून फोन प्रत्येक ॲपचा २५ एमबीपर्यंतचा डेटा तुमच्या गूगल खात्यात ठेवतो, पण तो परत येतो ॲप नव्याने टाकताना, एकदाच. त्यानंतर दोन फोन एकमेकांशी बोलत नाहीत. ॲप बनवणाऱ्याने ही सोय बंद केली असेल किंवा डेटा २५ एमबीच्या वर गेला असेल तर तेवढंही होत नाही. बॅकअप साधारण चोवीस तासांतून एकदा, फोन निवांत आणि वाय-फायवर असताना होतो. फोन बदलण्याच्या आदल्या रात्री जुना फोन वाय-फायवर चार्जिंगला लावून ठेवा, आणि सकाळी सेटिंग्जमध्ये बॅकअपची तारीख पाहूनच पुढे जा. दोन्ही फोनवर बदल जायला हवेत तर त्या ॲपमध्ये स्वतःचं लॉगिन आणि सिंक असावंच लागतं.

प्रश्न : कॉलेजच्या लॅबमध्ये व्हीएस कोडला (कोड लिहायच्या ॲपला) माझ्या खात्याने सिंक चालू केलं. घरी आल्यावर लॅपटॉपवरची अक्षरं आणि एक्स्टेन्शन्स बदललेली. — विक्रोळी

उत्तर : पहिल्यांदा सिंक चालू करताना एकत्र करायचं की बदलून टाकायचं हे विचारलं जातं. तिथे लॅबच्या सेटिंग्ज तुमच्या खात्यात मिसळल्या. कमांड पॅलेटमधून (आज्ञांच्या यादीतून) ‘शो सिंक्ड डेटा’ उघडा, आदल्या तारखेची नोंद निवडा आणि ती परत आणा. जी सेटिंग एकाच यंत्रापुरती हवी तिच्या नावाशेजारच्या चक्रावर टिचकी मारून ‘सिंक धिस सेटिंग’ची खूण काढा. लॅबमधून निघताना सिंक बंद करा, पण सगळ्या यंत्रांवरचं सिंक बंद करून सर्व्हरवरचा डेटा पुसण्याची चौकट येते तिला खूण करू नका. मग खात्यातूनही बाहेर पडा.

प्रश्न : आमच्या २०० शिक्षकांसाठी हजेरीचं ॲप आहे. सेटिंग्ज फायरस्टोअरमध्ये (गूगलच्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये) ठेवायच्या तर फुकटच्या मर्यादेत बसेल का? सर्व्हर मुंबईतलाच निवडावा का? — बोरिवली

उत्तर : बसेल की नाही हे मांडणीवर आहे. फुकटात दिवसाला ५०,००० वाचनं आणि २०,००० लेखनं मिळतात, आणि मोजणी डॉक्युमेंटची, म्हणजे डेटाबेसमधल्या एकेका नोंदीची होते. ६० सेटिंग्जची ६० डॉक्युमेंट केलीत आणि प्रत्येक शिक्षकाने दिवसातून पाच वेळा ॲप उघडलं तर २०० × ५ × ६० म्हणजे ६०,००० वाचनं झाली. महिनाभर रोज मर्यादेबाहेर. तेच एका शिक्षकाचं एक डॉक्युमेंट ठेवलं तर १,००० वाचनांत भागतं. डॉक्युमेंटला १ एमबीपर्यंत जागा असते, सेटिंग्जना ती भरपूर आहे. फक्त लिहिताना ‘सेट’ ही आज्ञा वापरू नका, ती आख्खं डॉक्युमेंट बदलते आणि पहिल्या पत्रातलीच गत होते. ‘अपडेट’ला बदललेल्या रकान्याचं नाव द्या. नावात टिंब असेल तर फायरस्टोअर त्याचा अर्थ ‘आतला रकाना’ असा घेतो, हे ‘माणूस.अक्षर’सारखी नावं ठेवताना लक्षात असू द्या.

मुंबईचा विभाग ‘आशिया-साउथ१’ या नावाने मिळतो. अमेरिकेतला निवडला तर प्रत्येक फेरीला साधारण पाव सेकंद जातो. सेटिंग्जना तेवढं चालून जाईल, पण उद्या हजेरीही त्याच डेटाबेसमध्ये येणार, आणि फायरस्टोअरचा विभाग एकदा ठरला की बदलता येत नाही. मुंबईच निवडा.

प्रश्न : दवाखान्याच्या ॲपमध्ये एसएमएस पाठवण्याची किल्ली (त्या सेवेचा गुप्त संकेत) आणि ईमेलचा पासवर्डही सेटिंग्जमध्येच आहेत. ते सर्व्हरवरून दोन्ही ठिकाणच्या कॉम्प्युटरवर आपोआप गेले तर सोयीचं होईल. — गिरगाव

उत्तर : कृपया असं करू नका. सेटिंग्जची फाइल लॉगमध्ये जाते, बॅकअपमध्ये जाते, मदत मागताना स्क्रीनशॉटमध्येही जाते. एसएमएसची किल्ली कॉम्प्युटरवर हवीच कशाला? ती सर्व्हरवरच ठेवा. कॉम्प्युटरने सर्व्हरला ‘या पेशंटला हा निरोप पाठव’ एवढंच सांगावं. ईमेललाही हाच मार्ग. प्रत्येक कॉम्प्युटरला सर्व्हरशी बोलण्यासाठी वेगळं टोकन द्या आणि ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या किल्ल्यांच्या साठ्यात ठेवा. एखादा लॅपटॉप गाडीत राहिला तर तेवढंच टोकन रद्द करता येतं, दुसऱ्या ठिकाणचं काम थांबत नाही.

काही गुपित यंत्रांमध्ये फिरवावंच लागलं तर ते यंत्रावरच कुलूपबंद करून पाठवा, म्हणजे सर्व्हरकडे फक्त न वाचता येणारा मजकूर राहील. कुलपाची किल्ली पासवर्डपासून अर्गॉन२आयडी या किल्ली बनवण्याच्या पद्धतीने तयार करा. पासवर्ड सर्व्हरला कधीच जाऊ नये. फायरफॉक्सचं सिंक याच तत्त्वावर चालतं. किंमतही ठाऊक असू द्या : पासवर्ड विसरलात तर सर्व्हर चालवणाराही काही परत देऊ शकत नाही. म्हणून सुरुवातीलाच एक पुनर्प्राप्ती संकेत तयार करा, तो कागदावर छापा, आणि दवाखान्याच्या नोंदणी प्रमाणपत्राबरोबर कुलपाच्या कपाटात ठेवा. फोनमध्ये त्याचा फोटो काढून ठेवू नका.